एक कॉइल, दोन कॉइल आणि औरंगपुऱ्याची वीज

मामा ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. भाचा वाळूजला एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे आणि रात्री घरी गिटार वाजवतो. खरं तर विजेची बाजू भाच्यानं घ्यायला हवी आणि कानाची मामांनी. या घरात उलटं आहे. मामांच्या मते हंबकर नसलेली गिटार म्हणजे डोक्याला ताप, आणि भाचा आपल्या गिटारचा हंबकर काढून तिथं सिंगल कॉइल बसवायला निघालाय. औरंगपुऱ्यात, सरस्वती भुवनच्या मागच्या अंगाला एका बोळात, पहिल्या मजल्यावर हा वाद चालतो. मी शेजारी. गिटार वाजवत नाही, नुसती ऐकतो, म्हणून पंचाचं काम आपोआप माझ्याकडं आलं. पंच निःपक्षपाती असतो अशी समजूत आहे. मी तसा नाही, ते पुढं दिसेलच.

ज्यांनी इलेक्ट्रिक गिटार लांबूनच पाहिली आहे त्यांच्यासाठी आधी थोडं यंत्र. तारांखाली जी आडवी पट्टी दिसते तो पिकअप. आत चुंबक, चुंबकाभोवती तांब्याच्या तारेचे वेढे. ही तार जेमतेम ०.०६ मिलिमीटर जाडीची आणि वेढे सात-आठ हजार. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज उमटते. तीच अँपमध्ये जाऊन आवाज होते. अडचण अशी की इतके वेढे घातलेली कॉइल खोलीतल्या बाकीच्या विजेलाही कान देते. ट्यूबची चोक, इन्व्हर्टर, फ्रिज, अँपचा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर, सगळ्यांची घरघर तिच्यात उतरते. हंबकरमध्ये अशा दोन कॉइल शेजारी शेजारी असतात. दुसरीचा चुंबक उलटा आणि जोडणीही उलटी. तारेचा आवाज दोनदा उलटून सुलटा होतो आणि पहिल्यात मिळतो. बाहेरची घरघर चुंबकाला विचारत नाही. ती एकदाच उलटते आणि पहिलीला खाऊन टाकते.

मामा : तुला सुख टोचायलंय. चांगला शांत पिकअप आहे, तो काढून भुणभुण कशाला विकत घ्यायलास?

भाचा : भुणभुण नाही घेत मामा. तिच्यासोबत जे येतं ते घेतो. पिक तारेला लागतो तो क्षण ऐकू येतो. कॉर्ड धरली तर सहा तारा सहा ऐकू येतात. तुमच्या हंबकरवर थोडं डिस्टॉर्शन दिलं की सगळ्यांचा ढीग होतो.

मामा : तू ढीग म्हणतोस, त्याला आम्ही भरलेला आवाज म्हणायचो.

भाचा : भरलेला कशामुळं, ते बघा ना. दोन कॉइल तारेला दोन जागी ऐकतात. बारीक, वरचे स्वर त्या दोन जागांत एकमेकांना मारतात. वेढे जास्त, म्हणून वरचा भाग अजून दबतो. घरघरीसोबत थोडी चकाकीपण जाते.

मामा : जाऊ दे की. तुझी चकाकी मागच्या रांगेपर्यंत पोचतच नाही. आमच्या वेळी मंडपात काय असायचं माहितीये का? स्टेजच्या मागं जनरेटर, वर हॅलोजन, बाजूला डिमरचा डबा, आणि गिटारची वायर अन् दिव्यांची वायर एकाच सुतळीनं बांधलेली. माझी पहिली गिटार कोलकात्याची, तीन सिंगल कॉइलची. निवेदक बोलायला उठला की मी आवाज शून्यावर आणायचो, नाहीतर त्याच्या शब्दांमागं माझीच घरघर. ‘कर्ज’मधलं ‘एक हसीना थी’ आलं की पोटात गोळा. रेकॉर्डवर ती गिटार गोरख शर्मांची. सगळा वाद्यवृंद गप्प अन् गिटार एकटी. म्हणजे घरघरपण एकटी! मग मी कोन शोधायचो. सिंगल कॉइलवाल्याला माहीत असतं, गिटार एका ठराविक दिशेला धरली की घरघर बसते. आमच्या मंडपात ती दिशा नेमकी लोकांकडं पाठ करायची निघायची. गिटारवाला रुसला का, म्हणून विचारायचे लोक.

भाचा : आणि मग हंबकर आला.

मामा : मुंबईच्या एका वादकाकडून जुनी गिटार घेतली. जॅक घातला, अँप चालू केला, काहीच नाही. मला वाटलं अँप गेला. तार छेडली तर खोली भरून आवाज. त्या दिवसापासून मी मागं वळून बघितलं नाही.

मामांचा हा किस्सा सांगून सांगून इतका मुरलेला आहे की त्याला उत्तर देणं अवघड. भाच्यानं मात्र एक दिलं, आणि ते माझ्या मते या वादातलं सगळ्यात चांगलं उत्तर आहे.

भाचा : घरघर थांबली म्हणजे वायरिंग सुधारलं असं नाही मामा. त्या मंडपात अर्थिंग नव्हतं, हंबकर घेतल्यावरही नव्हतं. फक्त तुम्हाला ऐकू यायचं बंद झालं. १९७२ मध्ये स्वान्सीला ‘स्टोन द क्रोज’चा गिटारवादक लेस हार्वे स्टेजवर माइकला हात लागून शॉकनं गेला. अर्थिंग नीट नव्हतं. तिथं कुठला पिकअप वाचवणार होता?

मामा : अरे देवा. म्हणजे घरघर ऐकून जीव मुठीत धरायचा?

भाचा : नाही. घरघर ऐकून तीन पिनांतली तिसरी पिन कुठं जाते ते बघायचं. मी सिंगल कॉइलच्या एका गिटारीच्या आतल्या पोकळीला तांब्याची पट्टी लावून ती अर्थला जोडली. ट्यूबची झणझण गेली. जी राहिली ती इन्व्हर्टरच्या ट्रान्सफॉर्मरची. चुंबकी क्षेत्राला पट्टी अडवत नाही. ती घरघर मी ऐकतो. मला चालते.

मामा : तुला चालते, बोळाला चालत नाही.

बोळात कुणाची तक्रार आलेली नाही, हे पंच म्हणून नोंदवून ठेवतो. पण इथं मध्ये बोलणं भाग आहे, कारण दोघंही इतिहास आपापल्या सोयीनं वापरतात.

हंबकर ज्यानं केला तो सेथ लव्हर गिब्सनच्या कलामझू इथल्या कारखान्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस. त्याच्यापुढचं काम घरघर घालवण्याचं होतं. आवाज जाड कर, असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. उलटी कॉइल जोडून घरघर मारायची युक्ती रेडिओच्या जुन्या लाउडस्पीकरांत होतीच. त्यानं ती गिटारीत आणली. २२ जून १९५५ ला पेटंटचा अर्ज, १९५७ मध्ये लेस पॉल गिटारवर पिकअप, आणि २८ जुलै १९५९ ला पेटंट मंजूर. मधल्या काळातल्या पिकअपांच्या तळाला पेटंटचा अर्ज केल्याची चिठ्ठी चिकटवलेली असे. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘पीएएफ’ म्हणून ओळखले जाणारे ते पिकअप आज संग्राहक डोळे पांढरे होतील अशा किमतीला घेतात. त्या काळी मात्र लेस पॉल खपेना. १९६१ मध्ये गिब्सननं तिचा तो जाडजूड आकारच मोडीत काढला आणि दोन शिंगांची पातळ गिटार आणली, जिला आपण एसजी म्हणतो.

मग १९६६ मध्ये एरिक क्लॅप्टननं जॉन मेयॉलच्या ‘ब्लूज ब्रेकर्स’बरोबर एक रेकॉर्ड केली. हातात जुनी लेस पॉल, पुढं मार्शल अँप, आणि अँप इतका वाढवलेला की आवाज फाटावा. दोन कॉइलचा दणकट सिग्नल अँपला ढकलत होता, आणि ते फाटणंच लोकांना आवडलं. स्वच्छ आवाजासाठी केलेली वस्तू जगानं दहा वर्षांनी आवाज फाडायला डोक्यावर घेतली. १९६८ मध्ये गिब्सनला लेस पॉल परत आणावी लागली. आणि लव्हर? तो १९६७ मध्येच प्रतिस्पर्ध्याकडं, फेंडरकडं गेला होता. तिथं त्यानं फेंडरसाठीही हंबकर केला.

भाचा : फेंडरचं निघालं म्हणून सांगतो. लिओ फेंडरला घरघर मारता येत नव्हती असं नाही. १९५७ मध्येच त्यानं प्रिसिजन बासचा पिकअप दोन तुकड्यांत केला, एकमेकांची घरघर खाणारा. आपल्या स्ट्रॅट गिटारच्या सिंगल कॉइलना मात्र हात लावला नाही.

मामा : स्वस्त पडत असेल एक कॉइल.

भाचा : असेल. तो स्वतः गिटार वाजवायचा नाही, रेडिओ दुरुस्त करायचा.

मामा : मग त्याचं काय ऐकायचं! सांताना ऐक. एक सूर धरला तर चहा पिऊन येईपर्यंत सोडत नाही. ते हंबकरनंच होतं.

भाचा : १९६९ च्या वुडस्टॉकला सांतानाच्या हातात एसजी होती ना, तिच्यात पी-९० होते. एकच कॉइल.

मामा : पुढं बदलले ना त्यानं?

भाचा : बदलले. क्लॅप्टननं उलटं केलं, लेस पॉल सोडून स्ट्रॅट धरली. जेफ बेकनंही तेच. जिमी पेज सिंगल कॉइलच्या टेलिकास्टरवरून लेस पॉलवर गेला. मार्क नॉफ्लरनं १९७८ मध्ये ‘सुलतान्स ऑफ स्विंग’ स्ट्रॅटवर वाजवलं आणि १९८५ मध्ये ‘मनी फॉर नथिंग’ लेस पॉलवर.

मामा : म्हणजे कुणालाच कळत नव्हतं.

मामांचं हे वाक्य मी हसून सोडून देणार होतो, पण त्यात तथ्य आहे. ही सगळी माणसं आयुष्यभर कानावर जगलेली, आणि त्यांच्यापैकी एकालाही एकच आवाज पुरला नाही. आवड बदलते ती आतून कमी आणि बाहेरून जास्त, असं मला वाटतं. हॉल बदलतात, अँप बदलतात, समोरचं गाणं बदलतं. कान मागून येतो आणि म्हणतो, हे मीच निवडलं. एडी व्हॅन हेलननं स्ट्रॅटच्या आकाराच्या लाकडात गिब्सनचा हंबकर बसवला, कारण त्याला फेंडरचा हलका हात आणि गिब्सनची ताकद दोन्ही एका गिटारीत हवं होतं आणि तशी गिटार दुकानात नव्हती. १९७८ मध्ये त्याची पहिली रेकॉर्ड आली आणि पुढची दहा वर्षं कारखाने त्याच जोडगिटारीच्या नकला करत राहिले. आपल्याकडं मुंबईच्या रंगभवनात १९८६ मध्ये ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा रॉक महोत्सव सुरू झाला. तिथून पुढं मेटल वाजवणारी जी पोरं मुंबई-पुण्यात तयार झाली ती हंबकरवालीच असणार, त्यांना दुसरा पर्याय नव्हता. गेन वाढवला की सुरासोबत घरघरही तितकीच वाढते. सिंगल कॉइलवर मेटल वाजवायचं तर दोन रिफच्या मधली शांतता कुठून आणायची?

आज वारा सिंगल कॉइलकडं फिरलाय तोही अशाच कारणानं. भाच्याच्या खोलीत अँपच नाही. गिटार इंटरफेसला, इंटरफेस लॅपटॉपला, कानात हेडफोन. अँपचा ट्रान्सफॉर्मर गेला, हॅलोजन गेले, जनरेटर गेला. उरलेली घरघर सॉफ्टवेअर बारीक करतं. शिवाय आता त्याच्या वयाची मुलं जे वाजवतात त्यात कॉर्डचे तुकडे, पिकअप निवडायच्या पाचपोझिशनी स्विचच्या मधल्या जागा, बोटांनी छेडलेल्या तारा जास्त. तिथं एका कॉइलची कड लागते. मुंबईचा गिटारवादक वॉरन मेंडोन्सा तर आपल्या संगीताला ‘ब्लॅकस्ट्रॅट ब्लूज’ असं गिटारचंच नाव देऊन बसलाय.

आवाजाची निवड कामावरून ठरते हे मामांना पटवायला मी मिरजेला गेलो, म्हणजे बोलता बोलता. २०२४ मध्ये तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ते कारागीर तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा घासून जवारी काढतात. माथ्याचा उतार असा ठेवला की तार घोडीला जास्त वेळ स्पर्शत राहते आणि आवाज झणझणतो, ती उघडी जवारी. उतार दुसऱ्या तऱ्हेचा, आवाज गोल आणि मिटलेला, ती बंद. रविशंकरांची सतार उघडी वाजायची. विलायत खाँना तार ओढून गळ्यासारखी मींड काढायची होती. त्यांनी आवाज गोल करत नेला.

मामा : म्हणजे विलायत खाँ हंबकरवाले. माझा मुद्दा सिद्ध झाला.

भाचा : आणि तंबोरा कायम उघड्या जवारीचा. त्याची झणझण कोण काढून टाकतं?

मामा : तंबोऱ्याची झणझण सुरात असते रे. तुझी महावितरणची आहे.

इथं मी मामांच्या बाजूनं गुण दिला. वादात विनोदाला गुण द्यायचे नसतात, पण औरंगपुऱ्यात देतात.

या सगळ्यात एक माणूस कुणाच्या लक्षात येत नाही, तो बेंजोवाला. मराठी माणसानं पिकअपचा आवाज सगळ्यात जास्त ऐकला तो गिटारीचा नव्हेच, मिरवणुकीतल्या बेंजोचा. बटणांचं हे वाद्य जपानी. १९१२ मध्ये नागोयाच्या गोरो मोरितानं केलेल्या ताइशोगोतोचा हा वंशज. आपल्याकडं ते बुलबुल तरंग झालं, त्याच्या तारांखाली पिकअप बसला आणि ते ट्रकवर चढलं. रवी जाधवांनी २०१६ मध्ये रितेश देशमुखला घेऊन ‘बँजो’ नावाचा हिंदी सिनेमाही काढला. विसर्जनाच्या दिवशी राजाबाजारच्या संस्थान गणपतीपासून निघालेली मिरवणूक सिटी चौक, गुलमंडी करत आमच्या औरंगपुऱ्यात येते आणि जिल्हा परिषदेच्या मैदानावरच्या विहिरीशी संपते. त्या गर्दीत ट्रकवर पायाशी जनरेटर घेऊन वाजवणाऱ्याला चकाकी की भरलेपणा, हा प्रश्न पडत नाही. समोर ताशा वाजत असतो. त्याला ऐकू जायचं असतं, एवढंच. ताशापुढं घरघर कुणाला ऐकू येणार? मामांच्या मंडपातली घरघर छळायची ती मध्ये शांतता होती म्हणून. याबाबतीत मामा मला ट्रकपेक्षा हॉलची माणसं वाटतात, त्यांना पटत नसलं तरी.

आता प्रश्न या वर्षीच्या गणपतीचा आहे. बोळातल्या मंडळानं एक संध्याकाळ जुन्या गाण्यांची ठेवलीय. मामा आणि भाचा दोघंही वाजवणार, आणि ‘एक हसीना थी’ यादीत आहे. मी तोडगा सुचवला : ब्रिजजवळ हंबकर आणि पुढं दोन सिंगल कॉइल, अशी गिटार बाजारात सर्रास मिळते. दोघांनी माझ्याकडं एकाच नजरेनं पाहिलं.

मामा : म्हणजे अर्धी गिटार शांत अन् अर्धी बडबडी. त्यापेक्षा दोन गिटारी घ्याव्यात.

भाचा : हंबकरची एक कॉइल बंद करायचा स्विच पण मिळतो. केली की आवाज पडतो आणि घरघर परत येते. मग ती सिंगल कॉइलपण नाही आणि हंबकरपण नाही.

मी : मग तुझी ती घरघर हटवणारी पेटी? नॉइज गेट?

मामा : ती मी ऐकलीये. सूर विझत आला की शेपटी कापते. गाणाऱ्यानं श्वास सोडायच्या आधी तोंड दाबल्यासारखं.

भाचा : ते खरंय.

मामांचं भाच्यानं मान्य केलेलं हे माझ्यासमोरचं पहिलंच वाक्य. मला वाटलं, संपला वाद. पण मामांच्या डोक्यात वेगळंच काही चाललं होतं.

मामा : तुझी ही घरघर कुठल्या सुरात असते?

भाचा : पन्नास हर्ट्‌झ. आणि तिच्या वरच्या पटी, शंभर, दीडशे. हार्मोनियमच्या पट्ट्यांत बघायचं तर पांढरी पाच आणि काळी चारच्या मध्ये, पांढरी पाचला जवळ. अर्ध्या सुराचे शंभर सेंट धरले तर ३५ सेंट चढी.

मामा : अमेरिकेत?

भाचा : तिथं साठ. ती काळी पाच आणि पांढरी सातच्या बरोबर मध्ये लटकते. कुठल्याच सुरात नाही.

मामा : म्हणजे आपली बरी. सगळी गाणी पांढरी पाचात घेतली तर तुझी भुणभुण षड्ज धरून बसेल. फुकटचा तंबोरा.

भाचा : चढा तंबोरा, मामा. ३५ सेंट म्हणजे कानाला टोचणार.

मामा : पण मंडपात महावितरण कुठंय? जनरेटर आहे.

भाचा : जनरेटर पन्नासवर थांबतच नाही. रिकामा असला की एक्कावन्न-बावन्न, लोड आला की खाली उतरतो. फार लोड टाकला तर एकोणपन्नासवरपण येतो.

मामा : आणि एकोणपन्नास म्हणजे?

भाच्यानं मोबाइल काढून हिशेब केला आणि दोनदा तपासला.

भाचा : एकोणपन्नास म्हणजे बरोबर पांढरी पाच.

मामा : मग मंडपवाल्याला सांगून ठेव, माझ्या गाण्याच्या वेळी सगळे हॅलोजन चालू पाहिजेत. आणि तुझी ती सिंगल कॉइल मला दे, मी वाजवतो.